गुडघ्याची वाटी, सोळा काडतुसं आणि गेडची सावली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. दोन तुकडे झाले होते. डॉक्टरांनी तार घालून ते बांधले, मांडीपासून पोटरीपर्यंत पाय सरळ ठेवणारा पट्टा चढवला आणि सांगितलं, तीन आठवडे गुडघा वाकवायचा नाही, मग थोडा थोडा वाकवत न्यायचा. ऑफिसला सुट्टी. घरात मी, खिडकीबाहेर पाऊस आणि पुढे नुसता लांबलेला पाय.

टीव्ही मला तासाभराच्या वर सोसत नाही. बहिणीचा मुलगा भेटायला आला तेव्हा त्याने तीनच दिवसांत आपला जुना कॉम्प्युटर आणून माझ्या खोलीत लावला. म्हणाला, "मावशी, कॉलेजात तू काउंटर-स्ट्राइक खेळायचीस ना? मग खेळ की आता." खेळायचे, हे खरं आहे. डोंबिवलीत कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही सहाजण एकमेकांवर गोळ्या झाडायचो. सहांत मुलगी मी एकटीच. त्यातल्या 'डस्ट टू' या रणांगणाचा नकाशा मला अजून आमच्या जुन्या चाळीइतका पाठ आहे. पुढे नोकरी, लग्न, मुलगी. त्यात वीस वर्षं शूटर गेमला हात लावला नव्हता.

कपाटात न वाचलेल्या फँटसी कादंबऱ्याही होत्या. फ्लोरा फाउंटनजवळच्या फूटपाथवरून घेतलेलं अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' चार वर्षं तसंच पडून होतं. भाच्याने त्यात ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न' आणून टाकलं. दुपारी वाचायचं आणि संध्याकाळी दीड तास खेळायचं, असं ठरलं. पाय सरळ असल्यामुळे टेबलाशी बसता येईना. म्हणून पलंगावर बसून मांड्यांवर जेवणाचा पाट आडवा ठेवला, त्यावर कीबोर्ड आणि माऊस. ही सोय शेवटपर्यंत टिकली.

सुरुवात केली 'हाफ-लाइफ २'ने. हा २००४ चा गेम. तेव्हा आमच्या कॅफेतल्या मशीनना तो पेलवत नव्हता, म्हणून राहून गेला होता. सुरुवातीला आपण सिटी सेव्हन्टीनच्या स्टेशनवर उतरतो, हात रिकामे. वाटेत एक शिपाई मुद्दाम रिकामा डबा खाली पाडतो आणि फर्मावतो, उचल आणि कचऱ्यात टाक. मुकाट्याने टाकला तर वाट सोडतो. त्याच्याच अंगावर फेकला तर दंडुका घेऊन मागे लागतो. वस्तू उचलायची आणि फेकायची कशी, हे आपण तिथे शिकतो आणि या शहरात आपली किंमत काय आहे, तेही तिथेच कळतं. कोणी काही समजावत बसत नाही. मी दोन्ही करून पाहिलं आणि दुसऱ्या वेळी डबा टाकताना खरोखर अपमान वाटला. बंदूक हातात यायच्या आधी इतका वेळ नुसतं चालायला लावणारा शूटर मी पूर्वी पाहिला नव्हता आणि मला तो फार आवडला.

पण तिसऱ्या दिवशी मळमळायला लागलं. आधी वाटलं, वेदनाशामक गोळ्यांमुळे असेल. भाच्याने फोनवर विचारलं, "डोकं जड होतं का? मग सेटिंगमध्ये जा, फील्ड ऑफ व्ह्यू ७५ आहे, ती ९० कर." आपल्याला पडद्यावर समोरचं जग किती रुंद दिसतं, त्याचा हा आकडा. पलंगावरून पडद्याच्या जवळ बसून खेळलं की अरुंद दृश्य भोवळ आणतं. आकडा बदलला, खोलीतला दिवा लावला, मळमळ निम्म्याने गेली. गेममध्ये कालव्यातून होडी चालवायचं एक प्रकरण आहे, राहिलेली निम्मी त्यामुळे होती. ते प्रकरण लांबलेलंच आहे आणि मी ते दोनच दिवसांत उरकलं. त्याची भरपाई पुढे रेव्हनहोम गावात झाली. तिथे गोळ्या पुरत नाहीत, पण गुरुत्वाकर्षणाच्या बंदुकीने भिंतीत रुतलेली करवतीची चकती ओढून घ्यायची आणि समोर सोडायची. चकती परत भिंतीत रुतते, ती पुन्हा ओढायची. एकाच चकतीवर मी अख्खी गल्ली पार केली. पूर्ण गेममध्ये माझ्या मनात राहिलेला आवाज त्या चकतीचा आहे.

दुपारी 'मिस्टबॉर्न' चालू होतं. २००६ ची कादंबरी. आकाशातून सतत राख पडते, रात्री धुकं उतरतं आणि हजार वर्षं एकच सम्राट गादीवर आहे. जादू अशी की काही मोजकी माणसं धातूचे कण गिळतात आणि पोटात ते 'जाळून' शक्ती मिळवतात. कथिलाने डोळे-कान तीक्ष्ण होतात, लोखंडाने धातूच्या वस्तू ओढता येतात, पोलादाने ढकलता येतात. धातू संपला की शक्ती संपली. यातली सगळ्यात सुरेख गोष्ट म्हणजे नाण्याची. व्हिन ही चोरांच्या टोळीत वाढलेली मुलगी नाणं खाली टाकते आणि ते ढकलते. नाणं जमिनीला टेकलेलं, त्याला जायला जागा नाही, म्हणून तीच वर उडते. आपल्याहून जड वस्तू ढकलली की आपणच मागे फेकले जातो. हे वाचताना मी पुस्तक छातीवर ठेवून कुबडी जमिनीवर दाबून पाहिली. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम घोकला होता, तो इतका अंगाला लागला नव्हता.

तरीही माझं मत सांगते. 'मिस्टबॉर्न'ची यंत्रणा पहिल्या प्रतीची आहे आणि भाषा दुसऱ्या. पात्रं भुवया उंचावतात, खांदे उडवतात, उसासे टाकतात, आणि हे पानोपानी. व्हिन आणि एका सरदारपुत्राचं प्रेम मला कागदावरच राहिलेलं वाटलं. मात्र तिने आपल्या टोळीवर हळूहळू विश्वास ठेवायला शिकणं खरं आहे. मार खाल्लेल्या मुलांना मायेचा हात पुढे आला तरी आधी मागे सरकायची सवय असते, ती सवय सँडरसनने नेमकी पकडली आहे. सहाशेच्या वर पानं मी नऊ दिवसांत संपवली, यातच काय ते आलं.

चौथ्या आठवड्यात पट्टा सैल झाला आणि फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागल्या. त्यांच्याकडे कंपासपेटीतल्या कोनमापकासारखंच, पण लांब दांड्यांचं एक साधन असतं. ते गुडघ्याला लावून त्या अंश मोजतात. पहिल्या दिवशी तीस, मग चाळीस, मग पंचावन्न. पंचावन्नला गाडी अडली ती अडलीच. आठवडाभर रोज पंचावन्न. याच आठवड्यात 'डूम इटर्नल' आणि 'अर्थसी' एकदम सुरू होते. या तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात तेव्हापासून एकत्रच राहिल्या आहेत.

'डूम इटर्नल' २०२० चा, राक्षसांशी लढायचा शूटर. पहिल्या संध्याकाळी मी चौदा वेळा मेले, तेही सोप्यातल्या सोप्या पातळीवर. काउंटर-स्ट्राइकने मला आडोसा शिकवला होता. भिंतीआड राहा, डोकावून बघ, नेम धर, परत मागे. इथे त्या शिकवणीचा काही उपयोग नाही. शॉटगनला सुरुवातीला काडतुसं सोळाच. ती बघता बघता संपतात आणि खोलीत फार काही पडलेलं नसतं. सगळी रसद राक्षसांच्याच अंगात असते. गोळ्या हव्यात तर साखळीकरवत घेऊन जवळ जा आणि एकाला काप. चिलखत हवं तर खांद्यावरच्या ज्वालेने त्यांना पेटव, मग ते जळत असताना मार. प्राण हवेत तर अर्धमेला राक्षस चमकायला लागला की हाताच्या अंतरावर जाऊन त्याला संपव. थोडक्यात, जीव जितका कमी, तितकं शत्रूच्या जवळ जाणं भाग. मी मात्र जीव कमी झाला की पाठ फिरवून कोपरा शोधायचे आणि कोपऱ्यात काहीच नसायचं.

भाचा रविवारी शेजारी बसून बघत होता. दहा मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "मावशी, तू मागे मागे जातेस म्हणून मरतेस. प्राण तिकडे आहेत, त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ गुडघा वाकवत होत्या. त्या थांबल्या आणि मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, हे बघा, हा स्नायू. दुखायच्या आधीच तुम्ही आवळून धरताय. मी वाकवतेय आणि तुम्ही मागे ओढताय." मला हे खरंच माहीत नव्हतं. त्यांनी माझाच हात माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा कळलं, स्नायू दगडासारखा झाला होता.

आणि दुपारी वाचत होते ते गेडचं पळणं. अर्थसी हा बेटांचा प्रदेश. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर बकऱ्या राखणारा एक पोरगा, तोच गेड. त्याला जादूचा पहिला शब्द शिकवते ती गावची चेटकीण, त्याच्या मेलेल्या आईची बहीण. म्हणजे मावशीच. इंग्रजीत तिला नुसतं आँट म्हणून भागतं, मराठी वाचणारीला मात्र ती लगेच घरातली होते. हा मुलगा पुढे रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो आणि एका मुलाशी ईर्ष्येने पैज लावून मेलेल्यांच्या जगातून एक आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक सावली बाहेर पडते, त्याच्या तोंडावर झडप घालते आणि गाल फाडून टाकते. ती फट बंद करताना शाळेचा म्हातारा प्रमुख जीव गमावतो. गेड कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. उठतो तेव्हा त्याचा तोरा पार उतरलेला असतो, साधा मंत्र म्हणतानाही तो चाचरतो. आजारपणानंतर माणसाचा स्वतःवरचा भरवसा कसा जातो, हे त्या दोन-तीन पानांत आहे. माझ्या हाती ती पानं नेमकी त्याच दिवसांत आली.

मग तो पळतो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, होडीतून, बर्फातून, शेवटी ससाण्याचं रूप घेऊन. सावलीला नाव नाही आणि ज्याला नाव नाही त्याच्यावर अर्थसीत जादू चालत नाही. तो जितका पळतो तितकी ती बळकट होत जाते. अखेर तो आपल्या पहिल्या गुरूच्या, ऑजियनच्या दारात येऊन पडतो. ऑजियन फार कमी बोलणारा माणूस. तो त्याला एवढंच सांगतो की आता वळ आणि तिचा पाठलाग तू कर.

मी ते पान वाचून थांबले. संध्याकाळी 'डूम' लावला आणि ठरवलं, आज कोपरा शोधायचा नाही. प्राण वीसवर आले तरी पुढेच जायचं. हात थरथरत होते. तरंगणारा एकडोळ्या राक्षस तोंड उघडतो तेव्हा त्याच्या तोंडात बाँब टाकला की तो गिळतो आणि चमकायला लागतो. तेवढ्या वेळात उडी मारून पोचलं की प्राण मिळतात. एकदा जमलं. मग लागोपाठ तीनदा जमलं आणि त्या खोलीतून मी बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे आत जातानापेक्षा जास्त प्राण होते. असा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

फिजिओच्या वेळी हाच हिशेब लागू पडला असं मी म्हणणार नाही, गुडघा काही गेम नव्हे. पण दुखणं येताना दिसलं की मी श्वास सोडायला लागले आणि मांडी सैल सोडायला शिकले. पंचावन्नचे बासष्ट व्हायला तीन दिवस लागले.

'डूम'मध्ये मरॉडर नावाचा एक प्रतिस्पर्धी येतो, कुऱ्हाड आणि ढालवाला. त्याच्यावर बरेच खेळाडू चिडतात. मला तो अख्ख्या गेममधला सर्वोत्तम वाटला. फार जवळ गेलं तर तो बंदूक चालवतो, लांब गेलं तर कुऱ्हाडीचे वार फेकतो, ढालीवर गोळ्या वाया जातात. मधलं एक अंतर असतं, तिथे उभं राहायचं आणि त्याचे डोळे हिरवे चमकले की त्याच क्षणी गोळी. नुसतं पुढे धावायची सवय लागल्यावर गेम आपल्याला अंतर धरून थांबायला शिकवतो, हे मला फार विचारपूर्वक केलेलं वाटलं. त्याच्यापाशी मी दोन संध्याकाळी अडले होते. सारखं मरत राहिलं की गेम स्वतःहून जादा चिलखत देऊ करतो. ते मी घेतलं नाही. नावडतं तेही सांगते. जांभळ्या चिखलाची तळी, ज्यांत उडीही मारता येत नाही आणि झेपही घेता येत नाही, ती कोणाला हवी होती? ज्या गेमचा सगळा प्राण वेगात आहे, त्याने पाय बांधून चालायला लावू नये. गोष्टही अर्धीअधिक वाचनाच्या पानांत कोंबलेली आहे, ती मी वाचली नाही.

'अर्थसी'बद्दल मात्र तक्रार सापडत नाही. १९६८ चं पुस्तक, जेमतेम दोनशे पानं, आणि एवढ्यात एक माणूस पूर्ण होतो. शेवट सांगत नाही, फक्त इतकंच की सगळी गोष्ट एका नावापाशी येऊन थांबते. अर्थसीत प्रत्येकाला दोन नावं असतात. हाक मारायचं एक आणि खरं एक, ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं. हे वाचताना मला पत्रिकेतलं नाव आठवलं. आमच्याकडे नक्षत्रावरून आलेलं जन्मनाव वेगळं ठेवतात, ते कोणी हाक मारायला वापरत नाही. माझं आजीला तेवढं तोंडपाठ होतं. गेडचा मित्र व्हेच त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत, कोणी जवळ उभं राहत नसताना, आपलं खरं नाव त्याला सांगून टाकतो. दोन ओळींचा प्रसंग आहे. मला तो सगळ्या मंत्रांहून मोठा वाटला.

आणखी एक. गेड तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, व्हेच त्याहून काळा, आणि हे लेखिकेने स्पष्ट लिहिलं आहे. तरी कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर त्याला गोरं काढलं गेलं आणि ती त्यावर उघडपणे बोलत राहिली. फँटसी म्हटलं की गोरा राजपुत्र, हे माझ्याही मनात इतकं बसलं होतं की पहिली पन्नास पानं मी त्याला चुकीचाच बघत होते. मग मागे जाऊन पुन्हा वाचलं आणि तो कोकणातल्या एखाद्या पोरासारखा दिसायला लागला.

शेवटच्या आठवड्यात 'टायटनफॉल २' खेळले, २०१६ चा. सहा-सात तासांत संपतो. एक सैनिक आणि त्याचा अवाढव्य यंत्रमानव बीटी यांची गोष्ट. बीटी कोरड्या, नेमक्या भाषेत बोलतो आणि तरी आपला जीव त्याच्यात अडकतो. एका प्रकरणात मनगटावर एक यंत्र मिळतं. बटण दाबलं की उद्ध्वस्त इमारत क्षणात पूर्वीची, माणसांनी गजबजलेली होते, पुन्हा दाबलं की उद्ध्वस्त. भिंतीवरून धावत उडी मारायची, समोर भिंत नाही, हवेतच बटण दाबायचं आणि पूर्वीच्या काळातली भिंत पायाखाली येते. मी तो तुकडा तीनदा खेळले. इतकी कल्पक गोष्ट एका प्रकरणात वापरून ते पुढे जातात, परत तिचं नाव काढत नाहीत. एकाच कल्पनेवर तीन-तीन जाडजूड भाग लिहिणाऱ्या फँटसी लेखकांनी हा गेम खेळून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

नवा 'डूम' २०२५ मध्ये आला आहे, 'द डार्क एजेस'. किल्ले, ढाल, चक्क ड्रॅगन. शूटर आणि फँटसी एकाच ताटात. पण त्याला रे-ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं ग्राफिक्स कार्ड लागतं, भाच्याच्या मशीनमध्ये ते नाही. बोनसनंतर बघू, असं दोघांचं ठरलंय.

गुडघा सध्या एकशे दहापर्यंत वाकतो. जिना चढता येतो. उतरताना अजून कठडा धरावा लागतो. कॉम्प्युटर गेल्या शनिवारी परत गेला. निघताना भाच्याने 'अर्थसी' मागितलं आणि दारातच चाळत विचारलं, "मावशी, यात लढाई कुठे आहे?" मी म्हटलं, "ड्रॅगन आहे, पण तो तलवारीने हरत नाही. वाच." तो पुस्तक पिशवीत घालून गेला.

मी आता दुसरा भाग, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', वाचते आहे. इथे गेड कितीतरी पानं दिसतच नाही. एका लहान मुलीला घरातून उचलून थडग्यांची पुजारीण करतात आणि पहिल्यांदा काय काढून घेतात तर तिचं नाव. थडग्यांखाली भुयारं आहेत, तिथे दिवा न्यायला बंदी. ती हाताने भिंत चाचपत, वळणं मोजत, वाट पाठ करते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. काल रात्री ती मुलगी भुयारात एकटी उतरते तिथपर्यंत आले आहे.